नाथसागराचे रक्षण आणि ग्रामशाळा

(पाचोड केंद्रातील प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



पैठण तालुक्यातील कोणत्याही शाळेत, "आपल्या तालुक्यातील सर्वांत मोठे पाणी कोणते?" असे विचारले, तर पहिलीतील मूलदेखील नाथसागराचे नाव घेईल. "हे पाणी येते कोठून?" असे विचारल्यास वरच्या वर्गातील मुले "नाशिककडून" असे सांगतील. परंतु "हे पाणी किती वर्षे टिकेल, आणि आज आहे तसे टिकेल काय?" हा तिसरा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भूगोलाच्या पुस्तकात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र माणसांच्या वागण्यावर अवलंबून आहे. म्हणूनच तो शिक्षणाचा प्रश्न होय, आणि आजच्या व्याख्यानाचा विषयही तोच आहे.

प्रथम नाथसागराची ओळख थोडक्यात करून घेणे इष्ट ठरेल. जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. गोदावरीस अडविणारा हा मातीचा बांध सुमारे दहा किलोमीटर लांब असून त्यास २७ दरवाजे आहेत. जलाशयाची एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर पाणी उपयोगात आणता येते. जलाशय पूर्ण भरला म्हणजे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरते. पैठण ही संत एकनाथांची भूमी, म्हणून या जलाशयास नाथसागर हे नाव मिळाले. डाव्या कालव्याने छत्रपती संभाजीनगर, जालना व परभणी या जिल्ह्यांतील, आणि उजव्या कालव्याने अहिल्यानगर व बीड जिल्ह्यांतील शेतीस पाणी जाते. छत्रपती संभाजीनगर व जालना या शहरांची तहान याच पाण्यावर भागते, आणि अनेक कारखानेही त्यावर चालतात.

या पाण्याची किंमत कोणी मोजली, हेही मुलांस सांगितले पाहिजे. जलाशयासाठी शंभराहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या. गोदाकाठची काळी कसदार राने, घरे, देवळे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे पाणवठे सोडून तेथील कुटुंबांस दुसरीकडे संसार मांडावे लागले. ज्या पाण्यासाठी इतक्या लोकांनी आपली भूमी दिली, ते पाणी एका-दोन पिढ्यांत गढूळ व उथळ होऊ देणे हे त्या त्यागाशी कृतघ्नपणाचे ठरेल.

नाथसागर म्हणजे पाण्याने भरलेले एक प्रचंड भांडे, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. वर दिलेल्या दोन आकड्यांचा भागाकार वर्गात करून पाहावा. २,९०९ दशलक्ष घनमीटरांस ३५० चौरस किलोमीटरांनी भागले असता सरासरी खोली सुमारे सव्वाआठ मीटर येते. म्हणजे एवढा अफाट दिसणारा हा जलाशय वास्तविक उथळ आहे. त्याच्या विस्तीर्ण कडांना सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. तेथे पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आश्रयाने गोगलगायी, किडे व माशांची पिल्ले जगतात. त्यांवर मोठे मासे आणि पक्षी पोसले जातात. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की काठाचा ओला चिखल उघडा पडतो, आणि त्यातील जीवजंतू टिपण्यासाठी चिखल्ये व तुतवार या जातींचे लहान पक्षी दूरदेशांहून येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, चक्रवाक, तलवार बदके, थापट्या बदके, तसेच रोहित पक्ष्यांचे थवे येथे पाहावयास मिळतात. याच कारणाने १९८६ साली शासनाने या जलाशयास पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केले. तात्पर्य, पाणी, माती, वनस्पती, मासे, पक्षी आणि काठची माणसे यांचे मिळून हे एक कुटुंब आहे. कुटुंबातील एकाचे बिघडले की त्याची झळ इतरांस लागते.

आता या कुटुंबावर येणाऱ्या संकटांचा विचार करू.

पहिले संकट गाळाचे. नाथसागरास पाणी पुरविणारे पाणलोट क्षेत्र सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर आहे. त्र्यंबकेश्वरापासून पैठणपर्यंतची गोदावरी, दारणा, कादवा, प्रवरा, मुळा, शिवना अशा नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे या क्षेत्रात येतात. पावसाचा टपोरा थेंब उघड्या नांगरटीवर आदळला की मातीचे कण सुटे होतात, आणि उताराने धावणारे पाणी त्यांना वाहून नेते. एक हेक्टर शेतातून केवळ एक मिलिमीटर जाडीची माती गेली, तर दहा घनमीटर म्हणजे सुमारे तेरा टन माती गेली असा हिशेब होतो. शेतकऱ्याच्या डोळ्यांस हा फरक दिसतही नाही. हेच गणित पुढे नेऊन पाहावे. साऱ्या पाणलोटातून वर्षाला एक मिलिमीटर माती निघाली आणि ती सर्व जलाशयात येऊन बसली असे धरले, तर पावणेबावीस दशलक्ष घनमीटर गाळ होईल, आणि सुमारे १३४ वर्षांत सारा जलाशय भरून जाईल. हे केवळ वर्गातील गणित आहे, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे. प्रत्यक्षात बरीच माती वाटेतच थांबते, वरची धरणेही पुष्कळ गाळ अडवितात. उलटपक्षी काही उतारांवरून एका पावसाळ्यात एक मिलिमीटरहून कितीतरी अधिक माती जाते. परंतु जलाशयाचे आयुष्य शेताच्या बांधावर ठरते, एवढी गोष्ट मुलाच्या मनावर ठसविण्यास हे गणित पुरेसे आहे.

दुसरे संकट पाण्यातील पोषक द्रव्यांच्या अतिरेकाचे. शेतास दिलेले स्फुरद व नत्र पिकाने सर्वच घेतलेले नसते. त्यातील काही भाग मातीच्या कणांस चिकटून अथवा पाण्यात विरघळून ओढ्यात उतरतो. गावांचे व शहरांचे सांडपाणी त्यात भर घालते. पाणी ओसरल्यावर जलाशयाच्या पोटातील उघड्या जमिनीवर गाळपेर होते. तेथे घातलेले खत आणि फवारलेले औषध पुढील पावसाळ्यात थेट जलाशयातच मिसळते. पिकास जे खत, तेच शेवाळासही खत. शेवाळ माजले की पाणी हिरवट होते, तळाशी उजेड पोचेनासा होतो आणि तेथील वनस्पती मरतात. पुढे शेवाळही मरून तळाशी कुजते; त्या कुजण्यात पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रावरील ओझेही यामुळे वाढते.

येथे शिक्षकाने एक गोष्ट विशेष समजून घेतली पाहिजे. स्फुरद हे तळाच्या गाळात साठून राहते. बाहेरून येणारी घाण आज बंद केली, तरी तळातील साठा पुढे कित्येक वर्षे पाण्यात उतरत राहतो, आणि उथळ जलाशयात वाऱ्याने गाळ ढवळला जात असल्याने हे अधिक घडते. बिघाड व्हावयास जेवढा काळ लागतो, तेवढाच किंवा त्याहून अधिक काळ दुरुस्तीस लागतो, याचे हे एक मोठे कारण आहे. जलाशयाचे रक्षण हे एका मोहिमेचे अथवा एका सप्ताहाचे काम होऊ शकत नाही.

तिसरे संकट पाण्याच्या वाटणीचे. २०१२-१३ च्या दुष्काळात नाथसागरातील उपयुक्त साठा संपला होता, आणि २०१५-१६ मध्येही तीच पाळी आली. धुळे-सोलापूर महामार्गावरील पाचोड हे गाव मोसंबीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. २०१२-१३ साली या भागातील मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या, हे अनेक घरांस आजही आठवत असेल. वरच्या धरणांनी किती पाणी ठेवावे व खाली किती सोडावे, हा वाद त्या काळात तीव्र झाला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे तत्त्व त्यात सांगितले आहे. माणसांच्या वाटणीचा हा विचार आवश्यकच आहे. परंतु मासे, पक्षी आणि पाणवनस्पती यांचाही त्या पाण्यात वाटा आहे, आणि त्यांच्या बाजूने भांडावयास कोणी प्राधिकरणापुढे उभा राहत नाही.

पाचोडच्या शिक्षकांच्या मनात येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. पाचोडच्या शिवारातील पाणी नाथसागरात जात नाही; ते पैठणच्या खालच्या अंगास गोदावरीस मिळते. मग पाचोडच्या शाळेने नाथसागराची काळजी का वाहावी? यास दोन उत्तरे आहेत. एक असे, की गोदावरीवर पैठणच्या खालीही बंधारे आहेत, गावे आहेत व शेती आहे. पाचोडची माती व पाचोडचे सांडपाणी त्यांच्या वाट्यास जाते. नाशिकने पैठणशी जसे वागावे असे पैठणकरांस वाटते, तसेच पाचोडने खालच्या गावांशी वागावे हा न्याय होय. दुसरे असे, की पाझर तलाव असो, गावतळे असो की नाथसागर असो, पाण्याचा नियम एकच आहे. जे गावतळ्यावर शिकता येते, तेच नाथसागरास लागू पडते. आणि गावतळे शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर असते.

बिघडलेली सरोवरे सुधारता येतात काय, हा पुढील प्रश्न. येतात, परंतु प्रत्येकाचा मार्ग निराळा आहे, हे तीन उदाहरणांवरून दिसेल.

अमेरिकेतील सिएटल शहराशेजारी वॉशिंग्टन नावाचे सरोवर आहे. भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून त्यात सोडले जात असे. प्रक्रियेने दुर्गंधी गेली तरी स्फुरद राहिलेच, आणि सरोवरात शेवाळ माजले. १९६३ ते १९६८ या काळात हे सारे सांडपाणी सरोवरापासून दूर वळविण्यात आले आणि पुढील वर्षांत पाणी पुन्हा स्वच्छ झाले. ते सरोवर खोल असल्याने सुधारणा तुलनेने लवकर दिसली. नाथसागरासारख्या उथळ जलाशयास अधिक धीर धरावा लागेल, हे यावरून ओळखावे.

ओडिशातील चिलिका सरोवराची कथा गाळाची आहे. नद्यांच्या गाळाने ते उथळ होत चालले, समुद्राकडील मुख कोंडले, पाण्याचा खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि कोळ्यांची मासळी कमी झाली. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी ज्या धोक्यात आल्या आहेत, त्यांच्या यादीत १९९३ साली चिलिकाचे नाव गेले. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले, आणि त्याबरोबरच वरच्या पाणलोटातील माती अडविण्याचे कामही हाती घेण्यात आले. मासळी वाढली, आणि २००२ साली चिलिकाचे नाव त्या यादीतून निघाले.

तिसरे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे. उल्कापाताने कठीण काळ्या दगडात झालेल्या विवरातील हे सरोवर खारे व अल्कधर्मी आहे, आणि त्याची जीवसृष्टी त्या खारेपणावरच जगते. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षारांचे प्रमाण वाढले असता, क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळे ते गुलाबी दिसू लागले होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्यास मान्यता मिळाली. अशा सरोवरात बाहेरचे गोडे पाणी वा गावाचे सांडपाणी शिरणे हीच हानी होय. "पाणी वाढले म्हणजे सरोवर सुधारले" हा सर्वसामान्य समज लोणारला लागू पडत नाही. औषधापूर्वी रोग्याची प्रकृती जाणावी लागते, तद्वत् सरोवराचा स्वभाव प्रथम जाणावा लागतो.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. वर्षानुवर्षे कोणीतरी पाण्याकडे पाहत होते, मोजत होते आणि लिहून ठेवीत होते. त्या नोंदी होत्या म्हणूनच बिघाड ओळखता आला, उपाय ठरविता आला, आणि तो लागू पडला की नाही हेही सांगता आले.

आपल्याकडेही प्रयत्न चालू झालेले आहेत. छत्रपती संभाजीनगरातून वाहत येणारी खाम नदी पुढे नाथसागराकडे जाते. तिच्या पुनरुज्जीवनाचे काम महानगरपालिका व नागरी संस्था यांनी २०२१ च्या सुमारास हाती घेतले. तलावांतील गाळ काढून तो शेतात पसरविण्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ पासून सुरू झाली. ही कामे मोलाची आहेत. परंतु गाळ काढणे हा झाल्या दुखण्यावरील उपचार आहे. गाळ येऊच न देणे हे पथ्य आहे. पथ्य दीर्घकाळ पाळावे लागते, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहणारे कोणीतरी घरातीलच असावे लागते.

गावात असा पाहणारा कोण? अधिकारी बदलतात, योजना संपतात, निवडणुकीनंतर पंचायतीतील माणसेही बदलतात. शिक्षकाचीही बदली होतेच. परंतु शाळा राहते, शाळेचे दप्तर राहते, आणि दर जूनमध्ये नवी मुले येतात. पन्नास वर्षांपूर्वी कोण मुलगा कोणत्या तारखेस दाखल झाला, हे शाळेचे रजिस्टर आजही सांगते. गावच्या पाण्याची पन्नास वर्षांची हकीकत मात्र बहुतेक गावांत कोठेही लिहिलेली सापडत नाही. ही उणीव ग्रामशाळा भरून काढू शकते, आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

शाळेने 'पाण्याची नोंदवही' नावाचे एक जाड रजिस्टर ठेवावे. त्यात पुढील चार नोंदी दरवर्षी व्हाव्यात.

पहिली नोंद पावसाची. साधे पर्जन्यमापक मोकळ्या जागी ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाऊस मोजावा व लिहावा.

दुसरी नोंद गाळाची. मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन सारख्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात. एकीत उताराच्या उघड्या नांगरटीवरून आलेले पाणी भरावे, दुसरीत बांधबंदिस्ती केलेल्या अथवा गवत राखलेल्या शेतातून आलेले. दोन्ही रात्रभर स्थिर ठेवून सकाळी तळाच्या गाळाची जाडी पट्टीने मोजावी. बांधाचे महत्त्व सांगण्यासाठी मग निराळ्या भाषणाची गरज उरत नाही.

तिसरी नोंद पाण्याच्या स्वच्छतेची. सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या तबकडीवर काळा व पांढरा रंग आलटून पालटून चार भागांत द्यावा, मध्यभागी दोरी बांधावी व खाली वजन अडकवावे. तबकडी पाण्यात सोडीत गेल्यावर ती दिसेनाशी होते, ती खोली लिहून ठेवावी. इटलीतील सेक्की नावाच्या पाद्री शास्त्रज्ञाने १८६५ साली ही रीत काढली, आणि आजही जगभर ती वापरली जाते. हे काम शिक्षकाने अथवा जाणत्या मोठ्या माणसाने स्वतः करावे. मुलांनी सुरक्षित अंतरावर उभे राहून आकडा लिहावा. पावसाळ्यात भरलेल्या तलावाच्या काठी मुलांस नेऊ नये.

चौथी नोंद पक्ष्यांची. जानेवारी महिन्यात आशिया खंडातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. त्याच महिन्यात शाळेने गावतळ्यावर एक सकाळ घालवून, शांतपणे दुरून पाहून, दिसलेल्या पक्ष्यांची जात व संख्या लिहावी. नाव माहीत नसल्यास वर्णन व चित्र नोंदवावे. घरटी शोधणे, अंडी हाताळणे अथवा थवे उडविणे या गोष्टींस सक्त मनाई असावी.

या नोंदी वरच्या इयत्तांतील मुलांनी कराव्यात, शिक्षकाने तपासाव्यात, आणि बदलीच्या वेळी अन्य दप्तराबरोबर हे रजिस्टरही नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावे. दर वर्षाच्या शेवटी त्यातील आकड्यांचा तक्ता काढून तो ग्रामसभेपुढे मांडावा.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. गाळपेर करणारा शेतकरी, जाळे टाकणारा कोळी आणि पाणी मागणारे शहर यांपैकी कोणासही वर्गात अपराधी ठरवू नये. वर्गातील अर्धी मुले याच घरांतून आलेली असतात. शेतकऱ्यास खत लागते, कोळ्यास मासळी लागते, शहरास पाणी लागते. या गरजा खऱ्या आहेत. उताराला आडवी नांगरट केल्याने माती व खत दोन्ही शेतातच राहतात आणि त्यात शेतकऱ्याचा लाभ आहे. लहान मासळी जाळ्यातून सोडून दिल्यास पुढील वर्षी कोळ्याचाच लाभ आहे. जेथे सरोवराचे हित व माणसाचे हित एकत्र येते, ती जागा मुलांस दाखवून द्यावी. शाळेने सांगितलेली गोष्ट मुलांच्या मुखाने घरी पोचते. ती आरोप म्हणून पोचली तर दार बंद होते, हिशेब म्हणून पोचली तर तिचा विचार होतो.

नाथसागराचे रक्षण एकट्या पाचोडच्या शाळेने होणार नाही, हे उघड आहे. परंतु त्र्यंबकेश्वरापासून खाली गोदाकाठी शेकडो शाळा आहेत, आणि प्रत्येक शाळेच्या शिवारातून एखादा तरी ओढा वाहतो. प्रत्येक शाळेने आपापल्या ओढ्याचा हिशेब ठेविला, तर साऱ्या खोऱ्याचा हिशेब आपोआप तयार होईल. यंदा पहिलीत बसलेले मूल चाळिशीस पोचेल तेव्हा नाथसागरात किती पाणी असेल व ते कसे असेल, याचा निर्णय आजपासूनच बांधाबांधावर होत आहे. त्या वेळी त्या मुलाच्या हाती शाळेची जुनी नोंदवही असावी आणि तिच्यातील आकडे वर्षागणिक सुधारत गेलेले दिसावेत, एवढी व्यवस्था करणे शिक्षकाच्या हाती आहे. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल, त्या दिवशी पहिली नोंद व्हावी.